मी जागी होते

"पट्टा जरा घट्ट बांधा," तो माणूस म्हणाला. "सैल राहिला तर भिंतींना तुमचा श्वास कळत नाही."

मी पट्टा छातीभोवती ओढून घेतला. त्याला काडेपेटीएवढी एक डबी होती आणि तिच्यात हिरवा दिवा लुकलुकत होता. बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या छातीवर असल्या वस्तू लावत आले होते. स्वतःच्या छातीवर पहिल्यांदाच लावली.

"किती वेळ असतं हे?"

"चाळीस मिनिटं. शेवटी घंटा वाजेल, मग उठायचं. मधे उठावंसं वाटलं तरी उठा, दार उघडंच आहे. आत एका वेळी एकच माणूस."

"आणि करायचं काय?"

"काही नाही. बसायचं."

माझी धाकटी बहीण उजू मागच्या बाकावर बसली होती. तिनं मला हातानंच जा, जा केलं. पुण्यात आल्यापासून चार दिवस मी तिच्या घरात एका खुर्चीत बसून होते. जेवायला बोलावलं की जेवत होते. शनिवारी सकाळी तिनं मला गाडीत घातलं आणि नाना पेठेतल्या एका बंद पडलेल्या छापखान्याच्या शेडमध्ये आणलं. तिच्या ऑफिसातली कोणी इथं येऊन गेली होती आणि बाहेर येऊन अर्धा तास रडली होती. एवढ्या शिफारशीवर उजूनं माझं नाव नोंदवलं होतं.

तो माणूस म्हणजे अन्वर तांबोळी. पंचेचाळिशीचा, दाढी पांढरी व्हायला लागलेली. आधी लग्नांचे व्हिडिओ काढायचा, मग कॉम्प्युटरवर चित्रं करायला शिकला. आतली खोली त्यानंच तयार केली होती. चारही भिंतींवर आणि जमिनीवर प्रोजेक्टरनं प्रकाशाच्या रेषा पडायच्या आणि आत बसलेल्याच्या श्वासाबरोबर त्या हलायच्या. कोपऱ्यात कॅमेरा होता. तो बसलेल्या माणसाची आकृती टिपायचा आणि बारीक ठिपक्यांनी समोरच्या भिंतीवर उमटवायचा. हे सगळं तांबोळींनी मला दोन मिनिटांत सांगितलं. मला त्यातलं काही नको होतं. पण उजूला नाही म्हणायचीही ताकद नव्हती.

मी कोण आणि पुण्याला का आले होते, ते आता सांगते. मी डॉक्टर वृंदा हत्तुरे, भूलतज्ज्ञ. सोलापुरात एका खाजगी हॉस्पिटलमध्ये होते. त्या वर्षी आमच्यातला दुसरा भूलतज्ज्ञ सोडून गेला आणि त्याच्या जागी कुणी आलं नाही. मी उभ्यानं जेवायला लागले. सिग्नलला गाडी थांबली की मागच्यांच्या हॉर्ननं जागी व्हायचे. दमलेय असं मी कुणाला म्हटल्याचं आठवत नाही. सगळेच दमलेले होते.

त्या शनिवारच्या तीन आठवडे आधी एका मंगळवारी दुपारी पित्ताशयाचं एक ऑपरेशन होतं. पेशंट रेवणनाथ ढोबळे, वय चव्वेचाळीस, बार्शीजवळच्या गावातला ट्रॅक्टर मेकॅनिक. हे ऑपरेशन पोटात कॅमेरा घालून करतात, म्हणून सर्जनला पडदा नीट दिसावा यासाठी खोलीतले दिवे मालवलेले असतात. सर्जन डॉक्टर पाटणे पडद्याकडे बघत होते. मी पेशंटच्या डोक्याशी स्टुलावर. आमच्या ऑपरेशन थिएटरातल्या, म्हणजे ओटीतल्या असिस्टंट म्हेत्रेबाई पायाकडे, पोट फुगवायच्या गॅसचा सिलिंडर बदलत होत्या. तेवढ्यात ढोबळ्यांच्या श्वासाच्या नळीचा सांधा निसटला.

असं होतं कधीकधी. म्हणूनच तर मशीनला अलार्म असतो. तो वाजला की भूल देणारा बघतो, सांधा बसवतो, अर्ध्या मिनिटाचं काम. त्या दिवशी सहा मिनिटं गेली. मशीनच्या नोंदीत नंतर दिसलं, की अलार्म तीनदा वाजला होता आणि तिन्ही वेळा कुणीतरी बटण दाबून तो दोन-दोन मिनिटांसाठी बंद केला होता.

ढोबळे वाचले. पण सहा मिनिटं मेंदूला पुरेसा प्राणवायू मिळाला नव्हता.

ते बटण रोज म्हेत्रेबाईच दाबायच्या. सर्जननं पोटात विजेची सुई चालवली की मशीन गोंधळतं आणि उगाच बोंबलतं. मी मान हलवली की त्या हात लांब करून आवाज बंद करायच्या. दिवसातून तीस-चाळीस वेळा, इतकं की त्या आवाजाकडे आता कुणी वळूनही बघत नव्हतं. त्यामुळे चौकशी समितीनं पहिला संशय त्यांच्यावर घेतला आणि त्यांना घरी बसवलं. म्हेत्रेबाईंनी जबाब दिला, "मी सिलिंडरपाशी होते. वळून बघितलं तर ऑक्सिजनचा आकडा खाली गेलेला आणि मॅडमना झोप लागलेली. मी खांदा हलवून उठवलं."

मला तो जबाब वाचून दाखवला तेव्हा राग आला. अठरा वर्षं बरोबर काम केलेली बाई स्वतःवरचं संकट माझ्यावर ढकलत होती. मी लिहून दिलं, "क्षणभर डोळे मिटले असतील. मी जागी होते. अलार्म मला ऐकू आला नाही."

आणि मी खोटं बोलत नव्हते. देवाशपथ सांगायला तयार होते. मशीनचा टिकटिक आवाज मला सतत ऐकू येत होता, हे मला स्पष्ट आठवत होतं. सोमवारी अकरा वाजता समितीपुढं मला हेच तोंडी सांगायचं होतं. मग निकाल लागणार होता. तोवरची रजा घेऊन मी उजूकडे पुण्याला आले होते.

तर मी त्या खोलीत गेले.

आत मधोमध एक बैठं आसन होतं, पाठीला टेकू असलेलं. बसले. दार लोटलं गेलं आणि काळोख झाला. मग पायाशी एक निळसर रेष उमटली, तिच्यामागून दुसरी, आणि मी श्वास घेतला तशा त्या पसरत भिंतींवर चढल्या. सोडला, तर खाली उतरल्या. समोर ठिपक्यांची एक बाई बसली होती. खांदे पुढे पडलेले, मान आत गेलेली. मी डोकं हलवलं, तिनंही हलवलं. मला वाटलं नव्हतं मी एवढी म्हातारी दिसत असेन. तेव्हा मी एकोणपन्नासची होते.

सुरुवातीला रेषा तुटक होत्या. वर चढायच्या आणि मधेच अडकायच्या. मला कळेना हे काय. मग लक्षात आलं, मी श्वास धरून ठेवत होते. किती दिवस धरत होते कोण जाणे. तोंडानं फुंकर घातल्यासारखा तो सोडला तेव्हा सगळ्या भिंती एकदम खाली वाहून आल्या. बरं वाटलं. पुन्हा घेतला, सोडला. पाण्यात बसल्यासारखं झालं होतं. मला ढोबळे आठवले नाहीत, समिती आठवली नाही. मी नुसती बघत होते.

मग घंटा वाजली. मी उठले.

बाहेर उजेडानं डोळे दिपले. उजू लगबगीनं उभी राहिली. "कसं वाटलं अक्का?"

"छान आहे," मी म्हणाले. "पण चाळीस मिनिटं कुठली, पंधराच झाली असतील."

तांबोळी पट्टा सोडवून घेत होते. ते हसले. "त्रेचाळीस झाली मॅडम. तुम्हाला चांगली झोप लागली होती."

"नाही हो. डोळे मिटून बसले होते."

"असं पुष्कळ जण म्हणतात." त्यांनी सहज म्हटलं, माझ्याकडे न बघता. "झोपलात तरी काही बिघडत नाही. मला तर आवडतं. शेवटी आम्ही सगळ्यांना त्यांची चाळीस मिनिटं चार मिनिटांत करून दाखवतो. बघणार?"

मी नको म्हणणार होते. उजू म्हणाली, "दाखवा ना."

टेबलावर लहानसा पडदा होता. खाली रेषा, वर ती ठिपक्यांची बाई. तुटक रेषा भराभर गेल्या, मग मोठा उतार आला, तो सोडलेला श्वास. त्यानंतर थोडा वेळ उंचसखल. आणि मग रेषा सारख्या झाल्या. एकीसारखी दुसरी, दुसरीसारखी तिसरी, प्रत्येक उताराच्या तळाशी छोटीशी विश्रांती. बाईची मान हळूहळू छातीवर आली.

ती रेषा मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. हजारो माणसांची मी बघितली होती. जागा माणूस असा श्वास घेत नाही, त्याला जमतच नाही. ही बाई झोपली होती, आणि चांगली वीसेक मिनिटं झोपली होती. मला मात्र निळ्या रेषा आठवत होत्या, सलग. मी त्या बघत होते.

"हे थांबवा," मी म्हणाले. मग म्हणाले, "नको. चालू द्या."

"इथं घंटा वाजतीये," तांबोळींनी पडद्यावर बोट ठेवलं. "उठलं नाही कुणी तर मिनिटभरानं पुन्हा वाजते. हे बघा, इथं तुम्ही गंमत करता." त्यांनी वेग कमी केला.

ठिपक्यांच्या बाईची मान छातीवरच होती. तिचा उजवा हात उठला. खांद्याच्या उंचीपर्यंत आला, किंचित बाहेर वळला. पहिलं बोट पुढं झालं, हवेत एकदा दाबलं आणि हात मांडीवर पडला. घंटा थांबली. ती आपोआपच थांबते म्हणे, पण बघताना बोटानंच थांबवल्यासारखी दिसत होती. खालच्या रेषेत काही फरक नाही. तळाशी विश्रांती, पुन्हा चढ.

मिनिटानं घंटा वाजली. हात उठला, दाबलं, पडला. मग आणखी एकदा.

"चौथ्या घंटेला उठलात," तांबोळी म्हणाले. "घरी घड्याळाचा गजर असाच बंद करत असाल."

माझ्या घरी गजराचं घड्याळ डावीकडे, जमिनीवर असतं. खांद्याच्या उंचीवर, उजवीकडे, हात किंचित बाहेर वळवून जे बटण येतं, ते बाई नसताना दाबून दाबून मला पाठ होतं. ओटीतल्या स्टुलावर बसलं की बरोबर तिथंच येतं.

"पुन्हा दाखवा," मी म्हणाले.

त्यांनी दाखवलं. तिसऱ्यांदाही दाखवलं. तोवर त्यांच्या लक्षात आलं असावं की काहीतरी बिनसलंय. त्यांनी एक खुर्ची माझ्यामागं आणून ठेवली आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

"अक्का, काय झालं?" उजूनं माझा दंड धरला.

"म्हेत्रेबाईंनी नाही दाबलं."

"काय?"

"बटण. मी दाबलं ते. तीनदा."

उजू गाडीत बसली. गाडी चालू केली नाही. स्टिअरिंग धरून म्हणाली, "हे बघ, एका खोलीत बसून तुला झोप लागली. त्यानं काय सिद्ध होतं? उद्या कुणी म्हणेल की ठिपके बघून डॉक्टरनं गुन्हा कबूल केला. लोक हसतील."

"सिद्ध काही होत नाही."

"मग कशाला बोलायचं? त्या बाईचं काय होईल फार तर? दुसरी नोकरी लागेल तिला. तुझं अख्खं आयुष्य जाईल."

"उजू, मला वाटत होतं मी जागी होते. खरंच वाटत होतं गं."

"मग? तेच तर सांग ना."

"आता कसं सांगू?"

तिला रडू यायला लागलं. मला नाही आलं. मला इतका थकवा आला होता की तिच्या पाठीवर हात ठेवायचं ठरवूनही तो उचलला गेला नाही. त्या दिवशी दुपारीच मी सोलापूरची बस धरली.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. सोमवारी समितीत तीन जण होते. अध्यक्ष एक निवृत्त सर्जन, मला पूर्वीपासून ओळखणारे. मी सांगितलं की मी झोपले होते आणि अलार्म मी झोपेत बंद केला. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"डॉक्टर, याला पुरावा काय?"

"नाही. मी सांगतेय एवढंच."

"मग पहिल्या जबाबात का नाही सांगितलं?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"आणि आता कसं माहीत झालं?"

मी त्यांना खोलीचं सांगितलं. एक जण खरंच हसला. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी एकच विचारलं, की मंगळवारी दुपारपर्यंत मला सलग कामावर किती तास झाले होते. सोमवारी सकाळी सहाला मी आत गेले होते. मंगळवारी दुपारचे दोन. त्यांनी बोटांवर मोजलं नाही, पण मनात मोजलेलं दिसलं. "बत्तीस," ते म्हणाले, आणि खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "विचार करून लिहून द्या. अजून वेळ आहे." मी तिथंच लिहून दिलं.

वर्षभर माझं काम बंद झालं. त्यानंतर परवानगी होती तरी मी ऑपरेशन थिएटरात परत गेले नाही. आता नर्सिंगच्या मुलींना शिकवते. हॉस्पिटलनं दुसऱ्याच महिन्यात दोन भूलतज्ज्ञ घेतले. ढोबळे चालायला लागले, पण शब्द हरवतात, पाना मागायचा तर पाणी म्हणतात, मग स्वतःवरच चिडतात. त्यांच्या बायकोला मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून सगळं सांगितलं. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढत शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "मग आता यांना पोरींची नावं आठवतील का?" मी म्हणाले, सांगता येत नाही. तिनं मान हलवली आणि आत निघून गेली. सात वर्षं झाली. ती पुन्हा माझ्याशी बोललेली नाही, आणि तिनं का बोलावं.

पण मला सांगायचंय ते त्या सोमवारचं. समितीतून मी सरळ म्हेत्रेबाईंच्या घरी गेले. अठरा वर्षांत मी त्यांच्या घरी कधी गेले नव्हते. पत्ता वॉर्डबॉयकडून घेतला. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतलं दोन खोल्यांचं घर, दार उघडं. बाई जमिनीवर बसून शाळेच्या गणवेशांना बटणं लावत होत्या. शेजारी खाकी चड्ड्यांचा ढीग. घरी बसवल्यापासून हेच काम घेतलं असावं. मला बघून त्यांनी सुई कापडात खोचली. उठल्या नाहीत.

"मॅडम," एवढंच म्हणाल्या.

"मी झोपले होते," मी दारातूनच म्हणाले.

"मला माहिती हाय. मीच उठवलं की तुम्हाला."

"अलार्मही मीच बंद केला. तिन्ही वेळा. झोपेत. आत्ता समितीला लिहून दिलंय."

म्हेत्रेबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसेल असं वाटलं होतं, किंवा राग. तसं काही दिसलं नाही. त्यांनी मांडीवरचा कपडा बाजूला केला आणि आपल्या उजव्या हाताकडे बघितलं, तळवा वर करून, मग उलटा करून.

"तुम्ही?" त्या म्हणाल्या. "खरंच तुम्ही?"

"हो."

"मला वाटायला लागलं होतं मीच केला आसंल." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "रोज करत होते की. सवयच ती. पहिल्यांदा मी ठामच होते, मी न्हाई म्हणून. मग ते सारखं विचारायला लागले, बाई आठवा, आठवा. आणि घरीबी विचारायला लागले. मग मला दिसायलाच लागलं वो, मी हात लांब करतीये. रात्री पोरगी म्हणायची, आई हाताला काय झालंय, सारखं काय बघतीस."

त्या बाईनं मला उठवलं होतं म्हणून तो माणूस जिवंत होता, आणि तिला मी तीन आठवडे या घरात या विचारासोबत बसवून ठेवलं होतं.

"बाई, मला माफ..."

"ते ऱ्हाऊ द्या." त्या उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. "आत या."

आतल्या खोलीत त्यांचा नवरा कॉटवर बसून पेपर वाचत होता. गिरणी बंद झाल्यापासून तो घरीच होता, हे मला नंतर कळलं. दहावीतली मुलगी भाजी निवडत होती. खिडकीशी सासू, ऐंशीच्या पुढची, भिंतीला टेकलेली. तिघांनी माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे. त्या बघण्यात काय होतं ते मी ओळखलं. बाई चौकशीला आल्या की हॉस्पिटलच्या जिन्यात लोक त्यांच्याकडे तसेच बघायचे. घरातही तेच चाललं होतं तर.

"या हत्तुरे मॅडम," म्हेत्रेबाई त्यांना म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "मला आत्ता सांगितलं ते यांना सांगा."

मी सांगायला लागले. पेपर खाली आला, मुलीचा हात भाजीत थांबला. म्हातारीनं कानामागं हात धरून सुनेकडे बघितलं.

"आत्याबाईंना ऐकू येत न्हाई," म्हेत्रेबाई म्हणाल्या. "मोठ्यानं सांगा मॅडम. पहिल्यापासनं."

मी म्हातारीसमोर जाऊन खाली बसले आणि शेजारच्या घरातही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं पुन्हा सुरुवात केली.

"मी झोपले होते."